मधला रकाना

३ फेब्रुवारी, मंगळ.
पुण्याच्या ऑफिसकडून नवी यादी. इंग्रजी जोडक्रियापदं, साठ. समोर जर्मन लिहायचं. चौदा तारखेपर्यंत द्यायची.
दोन रकाने त्यांचे. मधला, मराठीचा, आमच्या घरचा. तो बायको सांगायची, शकू, मी लिहायचो. आजही आखला. सवयीनं.
शकूला झटका येऊन एकेचाळीस दिवस. उजवा हात नाही, बोलणं नाही. डॉक्टर म्हणतात, बाईंना समजतं सगळं.

५ फेब्रु.
बारा क्रियापदं झाली. मधे कोरं.
कंपनीत जर्मन मशिनं आली तेव्हा ती भाषा शिकलो. कंपनी सुटल्यावर हेच काम. पण इंग्रजीवरून थेट गेलं की पुस्तकी उतरतं. म्हणून बायकोला प्रसंग सांगायचा. भंडारदऱ्याकडची, सातवी शिकलेली, इंग्रजीशी संबंध नाही. 'पुट अप विथ'ला म्हटलं होतं, म्हैस रोज लाथ मारते, तरी आपण विकत नाही, मग काय करतो?
तांदूळ निवडत होती. मान वर न करता, "खपवून घेतो. तुमाला न्हाई का घेतलं सव्वीस वर्सं?"
जर्मन शब्द लगेच सापडला. हिननेमेन.

९ फेब्रु., सोम.
चूक झाली. अर्धी यादी पाठवायची होती, गेली मागच्या खेपेची कच्ची फाइल. शकूच्या रकान्यासकट.
पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन. काका, मधे हे काय, 'लाथा खाऊन बी गोठ्यात ऱ्हाणं'? हसत होत्या. मी म्हटलं, कच्चं काम आहे, खोडून टाका. म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून भाषांतर कॉम्प्युटरच करेल, तुम्ही नुसतं तपासायचं, मधलं काही लागणार नाही. बरं म्हटलं.
फोन स्पीकरवर होता. ठेवल्यावर पाहिलं तर शकूचं तोंड भिंतीकडे.

१० फेब्रु.
दुधात भाकरी कुस्करून दिली. दोन घास. माझ्याकडे पाहिलं नाही.
'कच्चं काम' म्हणायला नको होतं.
देवापाशी दिवा लावला. हात जोडले. मागायचं काय ते सुचेना.

१३ फेब्रु., एकादशी
एकोणसाठ झाली. राहिलं 'गेट ओव्हर'. मुद्दाम मागे ठेवलं होतं. जर्मन येतं. मराठीही सुचतं. पण तो रकाना माझा नाही.
दुपारी वही घेऊन खाटेशी बसलो. म्हटलं, एक बाई लई आजारी पडली. महिनाभर पडून. मग एक दिवस उठली, धरत धरत चुलीपाशी गेली. काय केलं तिनं?
बराच वेळ पाहत राहिली. चिडली असं वाटलं. मग डाव्या हातानं पेन ओढून घेतलं. मधल्या रकान्यात एक उभी रेघ, वर थोडी वाकडी. पेन खाली पडलं. डोळे मिटले.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
उपास. सकाळी महादेवाला जाऊन आलो. बेल वाहिला.
मॅडमचे दोन मेसेज, यादी कुठे आहे. कालच द्यायची होती. तयार आहे. एक बटण दाबायचं.
रेघ पुन्हा पुन्हा पाहतो. अक्षराची सुरुवात असेल. हात घसरलाही असेल.
वही तिच्या डाव्या बाजूला उघडी ठेवलीय. पेनाचं टोपण काढून.