खिशातलं खिशात

प्रिय ढब्बू,

तुझ्या केंद्रातल्या डॉक्टरांचा फोन आला होता. उलट्या थांबल्यात, दोन वेळचं पोटात राहतंय म्हणाले. ते ऐकून आई स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच भांडी वाजवत बसली. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव टाकण्यापलीकडे मला लिहायची सवय नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. लॉन्ड्री चाललीय. तू विकलेल्या वाफेच्या इस्त्रीच्या जागी जुनी जड इस्त्री काढली आणि लोकांना सांगितलं, नवी दुरुस्तीला दिलीय. तू जहाजावर नोकरीला आहेस असंही सांगून ठेवलंय. शेजारचा न्हावी रोज विचारतो, पोराला बोट लागत नाही ना? मी म्हणतो, आधी लागली, आता सवय झाली. थापा मारण्यात बाप तुझ्या वरचढ निघाला.

लहानपणी तू दुकानाच्या टेबलावर बसून कपड्यांचे खिसे तपासायचास, आठवतं? नाणी, किल्ल्या, रुमाल, सगळं वाटीत काढायचं आणि कपडे तयार झाले की ज्याचं त्याच्या खिशात परत. एका साहेबांच्या कोटात सिनेमाची दोन तिकिटं निघाली, तर तू त्यांच्या बायकोलाच विचारलंस, सिनेमा कसा होता म्हणून! ती बिचारी गेलीच नव्हती. त्या दिवशी तुझा कान पिरगळून मी शिकवलं, खिशातलं खिशात, आपण बघायचं नाही आणि बोलायचं तर नाहीच. गिऱ्हाईक टिकतं ते त्यावरच.

आईला वाटतं, तू न्हाणीघरात बेशुद्ध पडलास तेव्हाच आम्हा दोघांना कळलं. मला त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. तुझी पँट मी पुन्हा पुन्हा कमरेत आत घेत होतो. ढब्बू म्हणून हाक मारावी असं तुझ्यात काही उरलं नव्हतं. बाहीला बारीक जळकी भोकं दिसली, ती मी गुपचूप रफू केली. मग एकदा पँटच्या खिशात चंदेरी कागदाची घडी निघाली, मधोमध काळा ओघळ, आणि सोबत नखाएवढी पुडी. काय आहे ते मला समजलं, ढब्बू. तरी पँट धुतली, कडक इस्त्री केली आणि ते सगळं परत तुझ्याच खिशात ठेवलं, गिऱ्हाइकाचं ठेवतो तसं. दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे टक लावून बघत होतास आणि मी मान खाली घालून कुणाच्या तरी कॉलरवर पाणी शिंपडत होतो. बाबांना चालतं, असंच तुला वाटलं असेल. मला तेव्हा तुझ्या जिवाची भीती नव्हती, दुकानात लोक काय म्हणतील याची होती. हे लिहिताना कान तापलेत. तुझं यकृत इतकं खराब व्हायच्या आत मी तोंड उघडायला हवं होतं. फार लाज वाटते रे.

आज सकाळी शाळेतल्या बाई, तुला पाढे शिकवणाऱ्या, त्यांच्या धाकट्या मुलीचं जाकीट देऊन गेल्या. परीक्षेच्या धसक्याने पोरगी वाळत चाललीय, असं त्या काळजीनं सांगत होत्या. त्या गेल्यावर बघतो तर बाहीला तशीच भोकं आणि आतल्या खिशात तसाच कागद. वाटीत काढला, आणि सवयीनं माझा हात परत खिशाकडेच गेला. उद्या बाई जाकीट न्यायला येतील, तेव्हा त्यांना आत बसवून मी तो कागद दाखवणार आहे. तुम्ही हे कसं ओळखलंत, असं त्या विचारणारच. तिथे जहाज चालायचं नाही. तुझं सांगावं लागेल, मग ते गल्लीभर होईल. तुझी परवानगी घ्यायची होती, पण हे पत्र तुला मिळेपर्यंत जाकीट घरी गेलेलं असेल. बाहेर आलास की हवं तेवढं भांड. बंद दुकानात मी मोठ्यानं म्हणून बघितलं, माझा मुलगा नशा करायचा, त्याच्यावर उपचार चालू आहेत. आणि तुझी पुडी मी परत खिशात ठेवली होती, हेही बाईंना सांगणार आहे. आईला आज जेवणाआधी सांगेन. पण पहिल्यांदा ते तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

तुझाच, जुनी इस्त्री ओढत तुझी वाट बघणारा,
बाबा