झोळ्यामागचा फोटो

अहो,

नाव घेऊन हाक कधी मारली नाही, तर आता पत्रात काय मारू! म्हणून अहोच.

रागातच लिहून राहिली आहे, आधीच सांगते. परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे. भाऊजींनी सदर बाजारातल्या स्टुडिओतून तुमचा फोटो मोठा करून आणला. तुमच्या लष्करी फॅक्टरीच्या पासासाठी काढला होता ना, तोच. चोरीत पकडल्यासारखं तोंड! मी म्हटलं, हा भिंतीवर लागणार नाही. तर म्हणतात, मग दुसरा द्या. दुसरा कुठून देऊ? तुम्ही कधी काढू दिला काय?

पासष्टची लढाई संपल्यावर तुम्हाला रजा मिळाली आणि आपण ओरिसात चिल्का सरोवर पाहायला रेल्वेने निघालो. किती हौस होती मला! शेजारच्या बाई सांगत होत्या, रायपूरनंतर डोंगर लागतात, मग भाताची सपाट शेतं. मला काय दिसलं? खिडकीची झडप! अंधारून यायच्या आतच तुम्ही ती खाडकन खाली ओढली. ब्लॅकआउटची सवय म्हणे. अहो, लढाई संपली होती ना?

समोरच्या भैयांनी विचारलं, काय काम करता. तुम्ही बेधडक सांगितलं, शाळेत मास्तर आहे. झालं! त्या भल्या माणसाने आपली पोरगी तुमच्याजवळ बसवली आणि उतरेपर्यंत तिला गणितं शिकवायला लावली. आपली मंगला माझ्या पदरात तोंड खुपसून हसत होती. मी मात्र चिडली. फॅक्टरीत काय बनवता ते मलासुद्धा कधी सांगितलं नाही तुम्ही. काहून? मी काय शत्रूला तार करणार होती?

नावेत बसलो तेव्हा कुठे जीव निवला. किती ती पाखरं! एक थवा उठला की दुसरा बसायचा. डॉल्फिनची पाठ पाण्याबाहेर आली आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात धरला. तेवढ्यापुरता माझा राग गेला, खोटं काहून बोलू.

काठावर पेटीच्या कॅमेऱ्याचा फोटोवाला होता. तुम्ही नको नको म्हणत असताना मी हट्टाने उभी राहिली, मंगलाला मधे घेतलं. त्याने झाकण काढलं आणि तुम्ही कापडी झोळा तोंडापुढे धरला! तिथे तुमचा फोटो कोण नेणार होतं हो, बदकं? वर तो ओला फोटो पाहून तुम्ही खूश झाले. म्हणाले, "हा ठेव. याच्यात मला कोणी ओळखणार नाही."

आता पुन्हा लढाई लागली आहे. खिडक्यांना काळा कागद मी एकटीच चिकटवते, आणि तुमच्यावर चिडायला तुम्हीच नाही. याचा सगळ्यात जास्त राग येतो मला.

काल तो फोटो ट्रंकेतून काढला. भाऊजी म्हणाले, तोंडच नाही, हार कोणाला घालायचा? मंगलाने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"बाबाच आहेत," ती म्हणाली. "दुसरं कोण असं उभं राहील?"

पाहा, ओळखलं तुमच्या पोरीने! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

परवा हाच फोटो लागेल, हार यालाच. भाऊजींचं मी पाहून घेते. आणि मंगला सासरी जाईल तेव्हा याची एक प्रत तिला करून देईन, वचन देते. तिच्या पोरांनाही तुम्ही सापडले पाहिजेत.

तुमची,
कुमुद