मी टेप विकत घेतला, बाबा

बाबा, गेल्या आठवड्यात मी टेप घेतला. दोन कॅसेटींचा, लांब एरियलचा, आपल्या ओवे गावातल्या घरात होता अगदी तसला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायचंय, कारण राग तुमच्यावरच आहे. पनवेलला जुन्या वस्तूंच्या दुकानात मी तो उचलून बघत होते, तर दुकानदार माझ्या नवऱ्याला म्हणतो, "साहेब, मॅडमना जरा सांगा, नाजूक वस्तू आहे." नवरा म्हणाला, "त्यांनाच सांगा. मला घड्याळात सेलसुद्धा घालता येत नाही." नवरा हसत होता. मला मात्र हसू आलं नाही. दुकानदाराच्या तोंडून तुमचाच आवाज ऐकल्यासारखं झालं.

मोहल्ल्यातले तुमचे दोस्त सौदीहून आले, त्यांच्याकडून तुम्ही घरातला तो टेप घेतलात. अजून दिसतं मला. तुम्ही रिक्षातून उतरताय, टेप लेकरासारखा छातीशी धरलेला, आणि अर्धी आळी दारात. आईने त्याच्यावर लोकरीचं आवरण विणलं. मी आठवीत होते. काकाच्या हळदीला पाहुणे बसलेले, गाणं चालू होतं आणि एकदम कॅसेटची फीत आत गुंडाळायला लागली. मी धावत जाऊन बटण दाबलं, एवढंच. तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात झटकलात. "पोरींचे हात लागले की मशीन बिघडतं. परत हात नाय लावायचा." अहो, मी ती कॅसेट वाचवत होते! एकाने तरी बोलायचं होतं. पुढे दादाने तोच टेप सायकलच्या कॅरियरला बांधून नेला आणि रस्त्यात पाडला. दोन तुकडे झाले. तेव्हा काय म्हणालात? "वस्तू हाय, पडायचीच कंदीतरी." मी दाराआडून ऐकत होते. त्या दिवशी जेवले नाही, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या मागे आईने मला आयटीआयला घातलं. आज तळोज्याच्या कारखान्यात मीटर बिघडला की मला बोलावतात. या पोरीचे हात, बाबा. आणलेल्या टेपचा रबरी पट्टा ताणून सैल झाला होता, तो मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून बदलला. कॅसेट फिरायला लागली तेव्हा तुम्ही समोर असायला हवे होतात. भांडायला.

रविवारी आई राहायला आली. बराच वेळ ती टेपसमोर नुसती उभी. मग हळूच विचारते, "याला हात लावला तर चालंल का गं?" लेकीच्या घरात, या वयात, परवानगी! मी म्हटलं, "आई, असं काय विचारतेस? लाव की रेडिओ." तर म्हणते, "बटन कंचं? मी कंदी लावलाच नाय. तुझा बाबा लावायचा, आमी ऐकायचो." इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही फक्त मलाच अडवलंत. जिने त्याला आवरण विणलं, रोज पुसलं, तिलाही? मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. रेडिओ लागला तशी ती दचकली, मग स्वतःच चकती फिरवून स्टेशनं बदलत बसली. नवरा काहीतरी विचारायला आला, तर त्याला म्हणाली, "थांबा जरा, ऐकू द्या." जेवण गार झालं. मी तिला उठवलं नाही.

हे मी आईला वाचून दाखवणार नाही. ती तुमचीच बाजू घेईल आणि मग मी तिच्यावरही चिडेन. तुमच्यापर्यंत तर हे पोचायचं नाहीच. तेव्हा एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही. टेपचा आवाज वाढवताना अजून माझी नजर आधी दाराकडे जाते.