लेन्स नाही म्हणे!

चिरंजीव,

शाळेला फोन करून काम रद्द करू नकोस. वर्गाचा ग्रुप फोटो काढायला मी गेले आहे. तुझी लेन्स पडून बिघडली, कॅमेरा तर धड आहे ना? त्यावर माझी जुनी लेन्स अडॅप्टर लावून बसवली. कॅमेऱ्याला ती ओळखता येईना, पडद्यावर ‘लेन्स नाही’ म्हणून कुरकुरत होता. मेनूत जाऊन त्याचं तोंड बंद केलं. आता मुकाट्याने फोटो काढतोय. फोकस मी हातानेच करणार. “आई, तुझे हात थरथरतात, फोटो हलतील,” हे पुन्हा ऐकवू नकोस. स्टँड कशाला असतो रे मग?

तुझ्या पहिलीच्या वर्गाचा फोटो मी याच लेन्सने काढला होता. भिंतीवर आहे, बघ जरा. त्यात हललेला तू एकटाच आहेस.

— आई