वैजापूरच्या यार्डातलं वाक्य

सर, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. मी आता आपल्याच कॉलेजच्या लायब्ररीत असते. एमएसडब्ल्यूच्या पोरापोरींना संशोधनाचे डेटाबेस कसे उघडायचे, पासवर्ड कुठं टाकायचा, फील्डवर्कचे व्हिडिओ कसे शोधायचे, हे दाखवणं माझं काम. आज वर्गासमोर मी सहज 'वैजापूर' आणि 'महिला कामगार' टाकलं. एकच व्हिडिओ आला, तुमचं जुनं व्याख्यान. खरं सांगते, आनंद झाला मला. म्हटलं, बघा रे, हे माझे सर.

आणि पडद्यावर तुम्ही बोलायला लागलात, "मी वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या बायकांमध्ये बसलो होतो. एक बाई मला म्हणाली, कांद्यानं रडू येतं व्हय? नाय. पोरगी हाताच्या वासानं लांब सरकून बसती ना, तवा येतं." कधी बसलात हो सर? तुमच्या कडक इस्त्रीच्या पॅन्टला यार्डातली धूळ लागली कधी? गेले होते मी. भर उन्हात, एसटीनं, तुम्हीच दिलेली फील्डवर्कची डायरी घेऊन. शनिवारी तपासायला म्हणून ती ठेवून घेतलीत, आणि मागायला आले तर म्हणालात, "कपाटाला वाळवी लागली गं, गेली तुझी डायरी." वर मीच तुम्हाला धीर दिला, जाऊ द्या सर म्हणून. काय पण माझं डोकं! त्याच वर्षी पुस्तकातल्या दोन ओळी नाव न देता उतरवल्या म्हणून तुम्ही मला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं. "दुसऱ्याचं वाक्य उचललं की ती चोरीच." आजही मी पोरांना हेच शिकवते, तुमच्याच शब्दांत. संताप होतो नुसता.

व्हिडिओ संपला तशी देवगाव रंगारीहून येणारी एक मुलगी उठली. "मॅडम, हे वाक्य लई भारी आहे, रिपोर्टमध्ये घेते. पण नाव कुणाचं टाकू? सरांचं का त्या बाईचं? काय नाव होतं तिचं?" सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "माहीत नाही. सरांचं टाक."

ती माझी आई होती, सर. यार्डात सगळ्या बायकांसमोर मी डायरी उघडली तेव्हा हसून म्हणाली होती, "लिहा मॅडम, लिहा." आणि मग माझ्याकडं न बघता ते वाक्य बोलली. आता तीही नाही. हे पत्र कुठं पाठवणार, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुम्ही तिचं वाक्य उचललंत, पण तिचं नाव काही तुम्ही खोडलं नाहीत. डायरीत ते नव्हतंच. मीच लिहिलं होतं, 'एक महिला कामगार'.