केली हे नाव

३ फेब्रुवारी १९३७, जालना
सिकंदराबादहून निरोप. मुलगी पसंत, पण आजोबा आयरिश होते याचा कागद हवा. मुलगा रेल्वेत गार्ड, अँग्लो-इंडियन; त्यांच्यात हे बघतातच. पपा खूश. "चर्चमध्ये लग्नाची वही आहे. तूच जा, नोरा."
आजोबा, मायकेल केली. छावणीतल्या आयरिश शिपायाचा मुलगा. कळतं तेव्हापासून ऐकलेलं.

५ फेब्रु.
लग्नाच्या वहीत आजोबा सापडले. बापाच्या रकान्यात नुसती रेघ. पपांना सांगितलं. "नाव आहे ना? तेवढा उतारा घे. बाप्तिस्म्याच्या वहीत डोकं घालू नको."
का?

९ फेब्रु.
घातलंच डोकं. छावणीच्या वहीत आजोबा नाहीत. पाद्रीसाहेबांनी अनाथाश्रमाची काढून दिली. मुलगा, वय अंदाजे चार. दुष्काळात तीर्थपुरीच्या वाटेवर सापडला. आईबाप अज्ञात. दिलेलं नाव, मायकेल केली.
पाद्रीसाहेब म्हणाले, "तशी पद्धतच होती, बेटी. आयर्लंडातून जो पोराचा खर्चा उचलायचा, तो सांगेल ते नाव." डब्लिनच्या कुणा केलीबाईंचा मुलगा वारला होता. त्याचं.
शिपाई कुठेच नाही.

१० फेब्रु.
पपांना ठाऊक होतं. आजोबांनीच सांगितलेलं. एरवी घरात इंग्रजी बोलणारे पपा:
"मंग काय झालं? मिस केली म्हणून मिरवून राह्यली, तुझं काय बिघडलं?"
"दावीद," मी म्हटलं.
पपा उठून आत गेले.
दावीद मागणी घालायला आला तेव्हा पपांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं होतं. "आमचं रक्त आयरिश. तुझा बाप तीर्थपुरीत लोकांची गुरं राखतो." मी दाराआड. पपा म्हणतात तर खरंच असणार, असं धरून…
गेल्या ईस्टरनंतर त्याचं लग्न झालं. घनसावंगीला असतो.

१२ फेब्रु.
लग्नाचा आणि अनाथाश्रमाचा, दोन्ही उतारे आणले. दोन्हींवर शिक्का. पपा दारात. "लग्नाचाच दे, पोरी. त्यांना नावाशी मतलब." पोरी म्हणाले. पूर्वी कधी नाही.

१४ फेब्रु., रविवार
पाहुणे बाहेर बसलेत. पपांचा शिपाई आज सार्जंट झाला. गार्डची आई म्हणाली, "मुलीचं नाकच सांगतं!" सगळे हसले. तो नाही. साधा वाटतो. खोटं त्यालाही सांगितलं जातंय.
पपांची हाक. "नोरा, पेपर!"
उतारे पुढ्यात, शेजारी शेजारी. पुन्हा हाक.
आले, म्हटलं. उठले नाही अजून.