चपला उचलणारा जमादार

बाबा, तुमची नात पोलिसात लागली. पळण्यात पोरींमध्ये पहिली आली, लेखीतही निभावली. उंची तुमची घेतली आहे आणि हट्टही तुमचाच, तेव्हा मला फारसं काही करावं लागलं नाही. पण ट्रेनिंगला जायचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात एका शिपायानं भर बाजारात भाजीवाल्याच्या कानाखाली मारल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मैत्रिणी हिला विचारू लागल्या, "तू बी असंच हाणशील का बे?" बाईसाहेब अर्धी भरलेली बॅग तशीच टाकून माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या. म्हणाली, "आई, ज्या वर्दीले लोक शिव्या देऊन राह्यले, थे मी काऊन घालू?" मी इथे लोणारला इतकी वर्षं पोरांना शिकवते, माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं असा माझा समज होता. या प्रश्नाला मात्र मला तुम्हीच आठवलात. म्हणून मी तिला तुमची गोष्ट सांगितली.

तेव्हा तुम्ही पोलिसात जमादार होतात आणि आपण मेहकरकडे राहायला होतो. बीटी कपाशी नवीन होती, आणि त्या वर्षी सगळ्यांना एकच वाण हवं होतं. कृषी केंद्रात बियाणं कमी आणि आभाळ तर भरून आलेलं. पहाटेपासून खेड्याखेड्यांतून माणसं आली, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकानं नंबराच्या जागी आपापली चपल काढून ठेवली नि निंबाखाली जाऊन बसला. बंद शटरपासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत नुसत्या चपला. मी डीएडची सुट्टी म्हणून घरी आलेली, शेजारच्या टेलरचाचांच्या ओट्यावर ब्लाउजची वाट पाहत बसले आहे. बंदोबस्ताला तुम्ही आणि तुमचा तो जोडीदार शिपाई. तो मुलुखाबाहेरचा, त्याला ही रीत ठाऊक नाही. "माणूस नाही तर नंबर कशाचा?" असं ओरडतो आणि लाथेनं चपला उडवत सुटतो. निंबाखालची माणसं धावत येतात. धोतर नेसलेले एक म्हातारबा आपली चपल शोधायला खाली वाकतात, आणि त्यांच्या पाठीवर काठी बसते. तो आवाज मला ओट्यावर ऐकू आला.

आता दगड उडणार असं वाटत होतं. तेवढ्यात तुम्ही काठी काखेत मारली, खाली वाकलात आणि एक चपल उचलली. "ही कोणाची बाप्पा?" तुम्ही दुसरी उचललीत, मग तिसरी. मग मागून एकजण म्हणाला, "जमादार, थे माही. पन माहा नंबर पुढं होता." दुसरा त्याच्यावर खेकसला, "काहाचा पुढं? माह्या मांगं होता तू!" आणि माणसं हसली. तुम्ही त्यांनाच विचारत विचारत सगळी रांग पुन्हा लावलीत. म्हातारबांच्या पायात चपल तुम्ही स्वतः सरकवलीत. टेलरचाचांचं मशीन थांबलं होतं. ते म्हणाले, "बेटी, असा वर्दीवाला मी पयल्यांदा पाह्यला."

घरी मात्र आईनं तुम्हाला पाणीसुद्धा दिलं नाही. चूल धगधगत होती, आणि ती चुलीपेक्षा जास्त. "काऊन हो, वर्दी घालून लोकायच्या चपला उचलल्या म्हणे? आपल्या आज्यापंज्यायनं काय कमी उचलल्या? याच्यासाठी शिकले तुम्ही?" आपल्या वस्तीत ते कोणालाच आवडलं नसतं, हे तुम्हालाही कळत होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "लाथ मारनाऱ्याच्या अंगावर हेच कपडे होते ना? मंग उचलनाऱ्याच्या बी अंगावर हेच पाह्यजेत." आईनं भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली, पण टाकली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी "पोलीस सारे एकाच माळेचे मणी" म्हणाला, तेव्हा मीच चिडले होते. तुम्ही नाही. "मार खानाऱ्याले नाव दिसत नाही, खाकी दिसते," एवढंच म्हणालात. मला तेव्हापासून वाटतं, खाकीकडे पाहून मान द्यायची सक्ती कोणावर नसावी, पण सुक्याबरोबर ओलंही जाळू नये. मी माझ्या शाळेतल्या पोरांनाही हेच सांगते.

तुमच्या नातीनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि मग तिनं तो प्रश्न विचारला जो मला इतक्या वर्षांत सुचला नाही. "मंग आजोबानं साहेबाले सांगितलं? कोनं मारलं थे?"

खोटं बोलता आलं असतं. पण मला ठाऊक होतं. त्याच चुलीपुढे तुम्ही आईला सांगितलं होतं. म्हातारबांच्या गावचे लोक तक्रार घेऊन आले, साहेबांनी तुम्हाला बोलावून विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "गर्दी होती साहेब, ध्यानात राह्यलं नाही." त्या शिपायाच्याही घरी लहान लेकरं आहेत, असं तुम्ही आईला म्हणालात. शिपायाला काही झालं नाही, पुढे त्याची बदली झाली आणि तिकडे गेल्यावर त्याच्या हातातली काठी थांबली असेल असं मला वाटत नाही. हे सगळं मी पोरीला सांगितलं. तिच्या तोंडाकडे बघत तुमची बाजू कशी मांडावी ते मी मनात जुळवत होते. तो काळ वेगळा होता, नोकरीचा प्रश्न होता, जोडीदाराविरुद्ध बोलणाऱ्याला पुढे कोण सांभाळून घेतं?

त्याची गरज पडली नाही. ती उठली आणि म्हणाली, "चपला मी बी उचलीन आई. पन नाव बी सांगीन." आणि जाऊन उरलेली बॅग भरू लागली.

आज सकाळी तिला बसमध्ये बसवून आले. घर रिकामं आहे, पण मन भरलेलं आहे. फार दिवसांनी इतकं निवांत वाटतं आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते कपाटातच राहील. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते. पोरगी ते बोलली तेव्हा मला तुमच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. मला वाईट वाटलं नाही, बाबा. मला वाटलं, हिनं तुम्हाला मागे टाकलं, आणि मी खूश झाले.